डाव्या ४११, उजव्या ३८७

मे महिन्यात माहेरी शोषखड्डा खणायला घेतला. आमचं घर भाट्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला, पाणंद एवढी अरुंद की जेसीबी आत शिरेना. मग दोन गडी, पहार, फावडं, घमेलं. दादाला धास्ती जांभ्याची. फूटभर मातीखाली कातळ लागला की खर्च दुप्पट. फूटभर खाली लागल्या त्या शिंपल्या, आणि त्याही घमेल्यांनी उपसाव्या लागतील एवढ्या. गडी म्हणाला, "ताई, हितं कुणी हॉटेल चालवत हुतं काय?"

हॉटेल कसलं, आमचा उकिरडा तो. आत्येने ओटीवरूनच सांगितलं, "माडाच्या मुळात टाकायचो सगळं. आई टाकायची, आजी टाकायची. आणखी कुठं टाकणार?"

माझं काम हिशेबतपासनिसाचं. पतपेढ्या, दूध संस्था, एक-दोन मच्छीमार सोसायट्या. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की शिकले: दप्तरात जेवढं सापडतं तेवढाच खर्च झाला असं कधी धरायचं नाही. चहाची बिलं तारीखवार टाचून ठेवलेली असतात आणि मोठ्या रकमेची पावती नेमकी उंदरांनी खाल्लेली असते. त्यामुळे खड्ड्याची कापलेली बाजू बघितली आणि मी खाली उतरलेच. दादा वैतागला. गड्यांना चहा दिला, तेवढाच वेळ मिळाला.

वरचा हातभर थर आमच्या पिढीचा. प्लास्टिकच्या पिशव्या, औषधाची बाटली, गंजलेली ब्लेडं. त्याखाली शिंपल्यांचा थर, मग चुलीची राख, मग बोटभर तांबडा गाळ, पुन्हा शिंपल्या. तांबडा गाळ पावसाळ्यात सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, वाहून येतो. मधे मंगलोरी कौलाचे तुकडे होते, आणि एका रेषेच्या खाली एकही नव्हता. आमच्या घरावर मंगलोरी कौलं आजोबांनी १९३८ साली चढवली, तुळईवर तसं साल कोरलेलं आहे. त्याआधी नळीची कौलं होती. म्हणजे त्या रेषेखालचा उकिरडा बहुतेक १९३८च्या आधीचा. खणून तारीख काढणारे लोक याहून फार वेगळं काही करत नाहीत, फक्त ते उतरण्याआधी दोरी बांधून चौकोन आखतात आणि त्यांना कुणी "आटप गो" म्हणत नाही.

रेषेखालच्या शिंपल्यांची एक बादली भरून घेतली. दुपारी ओटीवर वर्तमानपत्र पसरून निवडायला बसले. बहुतेक सगळ्या तिसऱ्या, म्हणजे आमच्याकडे खातात त्या दोन शिंपांच्या शिंपल्या. शिंपलीची चोच, म्हणजे बिजागरीजवळचं टोक, मधोमध नसते, एका अंगाला कललेली असते. सगळ्या पालथ्या घालून चोच वर केली की काही डावीकडे कलतात, काही उजवीकडे. शास्त्रात डावी कुणाला म्हणायचं याचे नियम आहेत, माझं दोन ढिगांवर भागलं. फुटक्यांपैकी जिची चोच शाबूत तीच धरायची, नाहीतर एकच शिंपली दोनदा मोजली जाते. डाव्या ४११, उजव्या ३८७.

आत्ये बघत होती. "शिंप्या कसल्या मोजतेस? तांदूळ निवडून दे त्यापेक्षा."

एकूण ७९८, म्हणजे ३९९ तिसऱ्या, असा हिशेब करायचा नसतो. एका तिसरीला एकच डावी बाजू असते, त्यामुळे निदान ४११ तिसऱ्या या घरात आल्या होत्या. कमीत कमी एवढ्या, जास्त कितीही. जगभर उत्खननात हाडं आणि शिंपल्या अशाच मोजतात, मोठा ढीग धरून. मला ही पद्धत फार आवडली. आमच्याकडे कमीत कमी आकडा कुणी सांगतच नाही.

दोन ढीग जवळजवळ सारखे निघाले याचंही मला नवल वाटलं, कारण आमच्याकडे तिसऱ्यांचं एकशिपीच होतं. तिसरी विळीवर फोडायची, दोन्ही बाजूंचं मांस खरवडून एका शिंपलीत घ्यायचं आणि रिकामी शिंपली तिथल्या तिथे टाकायची. म्हणजे निम्म्या शिंपल्या चुलीवर चढायच्या आधीच मागीलदारी पडतात आणि निम्म्या जेवण झाल्यावर ताटातून. ती दोन ठिकाणं वेगळी असती, तर एका खड्ड्यात नुसत्या डाव्याच सापडल्या असत्या आणि कुणीतरी त्यावर मोठा सिद्धांत मांडला असता. आत्येला विचारलं, मांस कुठल्या बाजूला ठेवायची? तिने हवेतच विळीवर तिसरी फोडून दाखवली. उजव्या हातात राहते ती टाकायची. म्हणाली, "हाताला विचार, मला काय विचारतेस."

आता ४११ तिसऱ्या म्हणजे जेवण किती? आमच्या घरात तेव्हा सात-आठ माणसं. ओलं खोबरं घालून, भाताबरोबर, एक वेळ नीट, दुसरी वेळ पुरवून. बादलीभर कचरा आणि दोन वेळची आमटी. शिंपली जागा फार खाते आणि पोट कमी भरते. १९७८ साली जेफ बेली या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने हाच हिशेब मांडला होता: एका तांबड्या हरणाच्या मांसातून जेवढी ऊर्जा मिळते तेवढी मिळवायला सुमारे ५२,००० कालवं, म्हणजे ऑयस्टर, खावी लागतील. किनाऱ्यावर शिंपल्यांचा डोंगर दिसला की ती माणसं शिंपल्यांवरच जगत होती असं वाटतं. हरणाची हाडं टोपलीभर, कालवांच्या शिंपल्या गाडाभर, आणि जेवण मात्र सारखंच.

कालवांचं नाव निघालं म्हणून सांगते, आमच्या बादलीत कालवांच्या शिंपल्या निघाल्या तीन. फक्त तीन. आणि आत्येची आई, म्हणजे माझी आजी, आमच्या वाडीत कालवं काढण्यात सगळ्यांत तरबेज. उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पुनवेला, पाणी लांब ओसरलं की बायका खडपावर जायच्या. कालव खडकाला चिकटलेलं असतं. ते उपटून घरी आणत नाहीत, जागेवरच लोखंडाने वरचं झाकण उडवायचं आणि आतलं मांस टोपात. अर्धी शिंपली खडकाला तशीच राहते, अर्धी पाण्यात जाते. घरी येतं ते फक्त मांस. आत्येचे तळवे त्या धारेने कापलेले अजून दिसतात. म्हणजे कालवांचा पुरावा आमच्या उकिरड्यात नाही, आत्येच्या पायावर आहे.

या तीन शिंपल्यांनी मला रात्री झोप येऊ दिली नाही. एखादा परका माणूस हा खड्डा तपासून लिहील, "या लोकांना कालवांची आवड नव्हती." आणि लिहिताना तो शंभर टक्के प्रामाणिक असेल.

मग माशांचं काय? आमच्याकडे मासा म्हणजे रोजचा. बांगडा, तारली, बोंबील, मोरी, पाकट. बादलीत काटे किती? चिमूटभर, तेही भुगा. बोंबलाचा काटा तो काय, तोंडातच विरतो. मोरी आणि पाकट यांना हाडच नसतं, असते ती कूर्चा, मऊ नि लवचीक. दात आणि मणके कधी टिकतात, बाकी काही उरत नाही. कोळंबीची सालं पहिल्याच पावसात गेली. कुर्ल्यांच्या डेंग्यांची काळी टोकं तेवढी पाच-सहा निघाली. उरलेलं मांजरांनी आणि कुत्र्यांनी नेलं.

कुत्र्यांची गोष्ट तर १९व्या शतकातच एकाने तपासली होती. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचे लांबच लांब ढीग होते. समुद्राने टाकलेले असतील असा समज होता. १८४८ साली तिथे तिघांची समिती नेमली: एक प्राणिशास्त्रज्ञ, एक भूगर्भशास्त्रज्ञ, एक पुरातत्त्वज्ञ. त्यांनी दाखवलं की हे माणसांचे उकिरडे आहेत, हजारो वर्षांपूर्वीचे. डॅनिश भाषेत त्यांना स्वयंपाकघरातला कचरा अशाच अर्थाचं नाव पडलं आणि तेच जगभर चाललं. त्यातला प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप. त्याच्या लक्षात आलं की ढिगात पक्ष्यांच्या हाडांचे मधले दांडे सापडतात, टोकं सापडत नाहीत. त्याने कुत्र्यांना पक्ष्यांची हाडं घालून बघितली. कुत्र्यांनी टोकं चावून खाल्ली, मधले दांडे सोडले. म्हणजे त्या प्राचीन माणसांकडे कुत्री होती, आणि ढिगातून जे गायब आहे ते कुत्र्यांच्या पोटात गेलं होतं. असा हिशेबतपासनीस मला आमच्या खात्यात हवा होता.

डेन्मार्कला निदान हाडं उरली. आमच्याकडे जांभ्याची माती आंबट आणि वर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. अशा मातीत हाड टिकत नाही, त्यातला चुना पाण्याबरोबर निघून जातो. हाड वाचतं ते शिंपल्यांच्या ढिगाच्या पोटात, कारण शिंपल्यांचा चुना मातीचा आंबटपणा मारतो. पण शिंपल्यांचे ढीगही आम्ही ठेवले कुठे? आत्ये सांगते, तिच्या लहानपणी चुनेवाला होडी घेऊन यायचा आणि टोपल्यांनी शिंपल्या न्यायचा, भट्टीत भाजायला. घराच्या भिंती, किल्ल्यांचे तट, पानाचा विडा, सगळीकडे तो चुना. किती जुने उकिरडे असे भिंतींत गेले असतील कोण जाणे. त्याआधीची माणसं, हिमयुगातली, ज्या किनाऱ्यावर बसून मासे खात होती तो किनाराच आज पाण्याखाली आहे. २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता. तेव्हा भाट्यातून समुद्र बघायला कित्येक कोस चालावं लागलं असतं.

मग कोकणातल्या जुन्या माणसांनी काय खाल्लं हे विचारायचं कुणाला? एक जागा आहे, आणि ती आमच्या डोक्यावरच आहे. सड्यावरची कातळशिल्पं. रत्नागिरी, राजापूर, लांजा या पट्ट्यातली ही शिल्पं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव हिंडून शोधली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती मी दोनदा बघितला. त्याच्या पोटात आणि भोवती इतके प्राणी कोरलेत की दुपारच्या उन्हात डोळे दुखेपर्यंत मोजत बसावं. या शिल्पांत हरणं आहेत, पक्षी आहेत, मासे आहेत, आणि शार्क व पाकटही आहेत. शेतीचं चित्र मात्र नाही. ज्यांची हाडं मातीत कधीच सापडणार नाहीत तेच नेमके कातळात कोरलेले. मला वाटतं ही गंमत अजून पुरेशी कुणी चघळलेली नाही. पण चित्र म्हणजे ताट नव्हे. आमच्या देवघरात नाग आहे, आम्ही नाग खात नाही.

दुसरी वाट माणसाच्या हाडांतून जाते. समुद्रातल्या अन्नात जड कार्बन जास्त असतो, भात-गव्हासारख्या अन्नात कमी, आणि तो फरक हाडात उतरतो. १९८१ मध्ये हेन्रिक टाउबर याने डेन्मार्कच्या सांगाड्यांत हे मोजलं. शेतीआधीची किनाऱ्यावरची माणसं पोटभर समुद्र खात होती, शेती आल्यावरची जमिनीकडे वळली. आपल्याकडे हे आणायचं तर पहिली आडकाठी नाचणीची. नाचणी, ज्वारी, बाजरी यांच्यातही जड कार्बन जास्तच असतो. म्हणजे या तराजूत नाचणीची भाकरी आणि बांगडा जवळपास एकाच बाजूला झुकतात. मग जड नायट्रोजन बघावा लागतो, तो मासे खाणाऱ्यात चढतो. पण इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस मकरानच्या, म्हणजे आजच्या पाकिस्तान-इराणच्या, किनाऱ्याने गेला, त्याचं वर्णन एरियन या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय. तिथली माणसं मासे वाळवून, कुटून त्याच्या पिठाच्या भाकऱ्या करत, आणि गवत नसल्याने मेंढ्यांनाही मासेच घालत. त्या मेंढ्यांच्या मटणाला माशाचा वास येई. म्हणजे नुसतं मटण खाणारासुद्धा हाडावरून कोळी ठरणार! आणि आपल्याकडे तर प्रेत जाळतात. तपासायला हाड तरी कुठलं.

वाळवलेल्या माशावरून आठवलं. हडप्पा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, तिथल्या उत्खननात समुद्री शिंगाळ्याची हाडं निघाली आहेत. ओला मासा त्या काळी एवढ्या लांब जाणार नाही. म्हणजे खारवून, सुकवून गेला. ते वाचताना मला आमच्या मे महिन्याच्या बेगमीचा वास आला. सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा, पत्र्याच्या डब्यात, वर कागद. आता १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पण त्याआधीही पावसाळ्यात होडी बाहेर जायची नाहीच. वर्षातले दोन-तीन महिने आम्ही हडप्पाच्या लोकांसारखेच जेवतो.

तिसऱ्या दिवशी गड्याने कौलाच्या रेषेखालून एक पांढरी वस्तू वर दिली. जांभळाच्या बीपेक्षा मोठी, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला खोलगट वळण. पाठोपाठ दुसरी, पहिलीची आरशातली जोडी. दादा म्हणाला, दात. आत्येने हातात घेऊन क्षणात सांगितलं, "दगड आहेत. घोळीच्या डोक्यातले."

माशाच्या कानातले दगड. सगळ्याच हाडाच्या माशांना असतात, पण ढोमा-घोळीच्या जातीत चांगले मोठे. शिंपल्यासारखेच चुन्याचे असतात, म्हणून शिंपल्यांत टिकले. झाडाच्या खोडासारखी त्यांत वाढीची वलयं पडतात. स्कॉटलंडजवळच्या ओरोन्से बेटावर अशा दगडांचा आकार मोजून संशोधकांनी कुठल्या ढिगावर माणसं कुठल्या ऋतूत मासे मारत होती ते सांगितलं. माझ्याकडे चष्मा आणि टॉर्च. मला वलयं काही दिसली नाहीत.

पण घोळ? आजच्या भावात एक मोठी घोळ लागली तर होडीवाल्याचं कर्ज फिटतं, तिच्या भोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, परदेशात एवढी मागणी आहे. त्या काळी तो भाव नव्हता, तरी मोठा मासा तो मोठाच. आणि आजोबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. मी मनात लिहूनही टाकलं, की आमच्या घरी एके काळी घोळ खात असत, आम्ही समजतो तेवढे गरीब नव्हतो.

आत्ये हसली. "घोळ खात? घोळ कोण खातंय. धड विकायचं. होडीवाला डोकं द्यायचा खलाश्यांना, वाट्याचं. डोक्याचं कालवण व्हायचं. बाबांनी आणलं की आई दगड काढून आम्हां पोरांना द्यायची, खेळायला."

दगड डोक्यात असतात. डोकं आमच्याकडे आलं, धड गेलं रत्नागिरीच्या बाजारात. पावती अस्सल होती आणि मी ती चुकीच्या खात्याला लावली होती. उत्खननात म्हणूनच कुठलं हाड सापडलं हे माशाच्या नावाइतकंच बघतात: नुसती डोकी सापडली तर मासा कुठे कापला, नुसते मणके सापडले तर कुठे पोचला. हे मी वाचलेलंही होतं. घोळीचं नाव ऐकल्यावर विसरले.

मग बराच वेळ आत्ये त्या कालवणाबद्दल बोलत राहिली. त्रिफळं ठेचून घालायची. डोळे आजोबांना. गालाचं मांस सगळ्यांत चांगलं, ते मुलग्यांना. मुलींना रस्सा आणि दगड. हे शेवटचं ती सहज बोलून गेली, तक्रार म्हणून नाही. मी तिच्याकडे बघत राहिले.

शोषखड्डा झाला. आत दगड-खडी भरली, भोवतीची जागा बुजवायला दादाने उपसलेल्या शिंपल्याच ढकलल्या. वरच्या खाली, खालच्या वर, कौलं, ब्लेडं सगळं एकात एक. गवंड्याच्या गुटख्याची पुडीही त्यातच गेली. मी ओरडले, तर दादा म्हणाला, फुकटची भर आहे, विकत कशाला आणायची?

बादली मात्र मी ठेवलीय, ओटीखाली. दगडांची जोडी आत्येने मागून घेतली. तिच्या पानाच्या डब्यात, चुन्याच्या डबीशेजारी आहे.